कोपरखैरण्याच्या गच्चीवरून अंतराळ स्थानकाचा फोटो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलो तर सांगा. तुम्ही कोपरखैरण्याला राहता. जवळ साधा डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स, ट्रायपॉड आणि सहा इंची डॉब्सोनियन (फिरत्या पाटावर ठेवून हाताने ढकलायची) दुर्बीण आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जाणार म्हणून गच्चीवर कॅमेरा लावलात, चार मिनिटांचं एक्स्पोजर दिलंत आणि हाती आली पिवळट-पांढरी चादर. ना रेघ, ना तारे. आता महागडी लेन्स घ्यावी की गाडी काढून अंधारात जावं, असं तुम्ही विचारताय. आणि अगदी शेवटी हळूच लिहिलंय, 'सोलर पॅनेल दिसतील असा फोटो हवा.'

गोम त्या शेवटच्या वाक्यात आहे. आकाशात उमटलेली लांब रेघ आणि पॅनेलसकट दिसणारं स्थानक हे दोन वेगळे फोटो आहेत. दोन्हींचं सामान वेगळं, सवय वेगळी, आणि एकाच फेरीत दोन्ही साधायला गेलात तर दोन्ही हुकतात. मी स्वतः दोन वर्षं हेच करत होतो. एका डोळ्याने कॅमेरा बघायचा आणि दुसऱ्याने दुर्बीण, आणि सहा मिनिटांनी मान दुखत खाली यायचं. पहिले काही महिने फक्त रेघ काढा. आकाराकडे नंतर येऊ.

तर चादर का आली? स्थानक साधारण ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं. डोक्यावर असताना ते एका सेकंदात सुमारे एक अंश सरकतं. तुमच्या लेन्सवर १८ला एक अंश म्हणजे कॅमेऱ्याचे साधारण ९० पिक्सेल. म्हणजे एका पिक्सेलवर स्थानक थांबतं सेकंदाचा नव्वदावा भाग, आणि पुढे जातं. तुम्ही शटर चार मिनिटं उघडं ठेवलंत. त्यातला एक नव्वदांश सेकंद त्या पिक्सेलला स्थानक भेटलं, आणि उरलेले २३९ सेकंद आणि वर थोडे त्याने ठाणे-बेलापूर रोडचे आणि एमआयडीसीचे दिवे गोळा केले. रेघ त्या फोटोत आहेच. ती चादरीखाली गाडली गेलीय.

एवढं एक डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुचतं. चालत्या उपग्रहाची रेघ एक्स्पोजर वाढवून उजळत नाही, फक्त लांब होते. उजळतं ते आकाश. ताऱ्यांच्या फोटोची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण तारा (निदान काही सेकंद तरी) जागेवर असतो, त्याचा प्रकाश साठत जातो. उपग्रहाचा साठत नाही.

म्हणून एक मोठं एक्स्पोजर देण्याऐवजी छोटी छोटी, एकामागोमाग एक, न थांबता. नवी मुंबईच्या आकाशाला मी आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ४००, एफ ४ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि ६ ते ८ सेकंद इथून सुरुवात करेन. पहिला फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघा. त्यातला डोंगर डावीकडून एक तृतीयांशाच्या पुढे गेला असेल तर सेकंद कमी करा. आयएसओ कमी केलात तर आकाश आणि रेघ दोन्ही एकाच मापाने मंदावतील, हाती काहीच लागणार नाही. घरी आल्यावर हे तीस-चाळीस फोटो स्टारस्टॅक्ससारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकून 'लायटन' पद्धतीने जोडायचे. त्यात प्रत्येक जागी सगळ्या फोटोंतला सर्वांत उजळ पिक्सेल राहतो. आकाश एका फोटोइतकंच काळं राहतं आणि रेघ मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत येते.

यात दोन बारीक गोष्टी घात करतात. पहिली, 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद करा. ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ काळा फोटो घेत बसतो, आणि रेघेऐवजी तुटक टाके मिळतात. दुसरी, दोन फोटोंमधला वेळ. कंटिन्युअस मोडवर केबल रिलीज (वायरीवरचं शटरचं बटण) दाबून अडकवून ठेवला की ही फट सेकंदाच्या एखाद-दोन दशांशांवर येते, तरी डोक्यावर तेवढ्यात पंधरा-वीस पिक्सेल जातात. तेवढं चालतं, छापल्यावर सहसा दिसत नाही. पण इंटरव्हलोमीटरवर 'दर दहा सेकंदांनी आठ सेकंदांचा फोटो' असं लावलंत तर दर वेळी दोन अंशांचं भोक पडेल.

फोकस हाताने, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून, व्याध किंवा ब्रह्महृदय, जे वर असेल त्यावर. मग रिंगवर कागदी टेप. किट लेन्सची रिंग इतकी सैल असते की नुसत्या धक्क्याने फिरते. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. रॉ फाइल. हे झालं.

आता तुमच्या लेन्सच्या प्रश्नाचं उत्तर याच हिशोबातून निघतं. मोठ्या छिद्राची, एफ १.८ची लेन्स लावली तर रेघ उजळेल आणि आकाशही तितकंच उजळेल. दोघांमधलं अंतर तेच. ते बदलतं दोनच गोष्टींनी. एक्स्पोजर कमी केलं की, आणि फोकल लेंथ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) वाढवली की. तुमची तीच लेन्स १८ऐवजी ३५ला लावून बघा. रेघ आकाशाच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट ठसठशीत येईल. किंमत म्हणजे चौकटीत आकाश जेमतेम चौथाई. शहरातून काढताना मला १४ची अतिरुंद लेन्स आवडत नाही ती याच कारणाने. त्या लेन्सने काढलेले फोटो गडचिरोलीतल्या अंधारात शोभतात, घणसोलीत नाही. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर केबल रिलीजवर करा.

आणि अंधारात जायचं का? स्थानकासाठी गरज नाही. चांगल्या फेरीत त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा, जितका कमी तितकं तेजस्वी) उणे तीनच्या पलीकडे जाते, म्हणजे व्याधापेक्षा बरंच तेजस्वी. असं काही टिपायला बदलापूरच्या पुढचं अंधारं वांगणी गाठायला नको. वांगणीला जा ते मागे तारे हवे असतील तर, किंवा मंद उपग्रह काढायचे असतील तर. ठाण्यातले बरेच जण येऊरचं नाव काढतात. तिथे रात्री बाहेरच्यांना सोडत नाहीत, आणि ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्याचं घर. फोटोसाठी तिथे घुसू नका. आपली गच्ची बरी. सेक्रेटरींना आधी सांगून किल्ली घ्यायची, वॉचमनला कल्पना द्यायची, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ट्रायपॉड लावायचा म्हणजे खालच्या एलईडीचा झोत लेन्सवर येत नाही. हिरवा लेझर घेऊन आकाश दाखवायचा मोह मात्र आवरा, आपण विमानांच्या वाटेखाली राहतो.

कुठली फेरी निवडायची हे मात्र बरंच परिस्थितीवर आहे. हेवन्स-अबव्ह ही साइट किंवा नासाचं स्पॉट द स्टेशन ॲप, दोन्हींवर तुमचं ठिकाण टाकलं की वेळ, दिशा, उंची मिळते. त्याच दिवशी दुपारी पुन्हा बघा. स्थानकाची कक्षा अधूनमधून इंजिन चालवून उचलतात, आणि आठवड्यापूर्वीचं वेळापत्रक तेव्हा चुकतं. घड्याळ फोनचंच वापरा.

स्थानक स्वतः उजळत नाही, आपल्याला दिसतो तो त्यावर पडलेला सूर्यप्रकाश. आपल्याकडे अंधार आणि वर अजून ऊन, अशी वेळ हवी. ४०० किलोमीटरवरचं यान डोक्यावर असताना उन्हात राहतं ते सूर्य क्षितिजाखाली साधारण २० अंश जाईपर्यंत. आपण १९ अक्षांशावर आहोत, आपला सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. त्यामुळे सूर्यास्तानंतर जेमतेम दीड तासात हा खेळ संपतो, आणि पहिली चाळीस मिनिटं तर संधिप्रकाशातच जातात. उरतो तो पाऊण तास, तसाच एक पहाटे. युरोपातले लोक जूनमध्ये रात्रभर एकामागून एक फेऱ्या टिपतात, त्यांचे फोटो बघून हिरमुसू नका, त्यांचा सूर्य उन्हाळ्यात नीट बुडतच नाही.

संध्याकाळच्या फेरीत स्थानक पश्चिमेकडून वर येतं आणि पूर्वेकडे जाता जाता पृथ्वीच्या सावलीत शिरतं. काही सेकंदांत तांबूस होऊन विझतं. फोटोत रेघ मध्येच संपते, ते तुमचं चुकलेलं नसतं. मला तर तो विझता शेवटच आवडतो. तुमच्या गच्चीवरून पश्चिमेला खाडी आणि तिच्यापलीकडे मुंबईचा उजेड आहे, तेव्हा संध्याकाळी कॅमेरा पश्चिमेकडे लावू नका. रेघेचा उतरता भाग पकडा, पारसिकच्या डोंगराच्या बाजूचा. सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना स्थानकाचा आपल्याकडचा भाग जास्त उजळलेला असतो, तोही फायदा. पहाटेच्या फेरीत सगळं उलटं, सावलीतून एकदम मध्येच प्रकटतं, आणि तेव्हा पश्चिमेकडे बघावं लागतं.

हवेचं काय सांगू! जून ते सप्टेंबर सोडून द्या. २०२५च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला स्थानकावर होते, अठरा दिवस. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या सोसायटीत एरवी माझ्या गच्चीवरच्या उद्योगांकडे कोणी ढुंकून बघत नाही, पण तेव्हा रोज कोणी ना कोणी विचारायचं, 'काका, आज दिसणार का हो?' एकदा वीसेक माणसं छत्र्या घेऊन वर आली. ढगांत एक फट होती. तिच्यातून ते चार-पाच सेकंद दिसलं, पोरांनी आरडाओरडा केला, आणि माझ्या फोटोत कापसावर एक चरा उमटला. तो फोटो मी अजून ठेवलाय. खरा हंगाम ऑक्टोबरनंतर. डिसेंबर-जानेवारीत धुरकं असतं तेव्हा क्षितिजापासून ३० अंशांपर्यंत काही मिळत नाही, ४० अंशांच्या वर जाणाऱ्या फेऱ्याच घ्या. दिवाळीचे दिवस तर धुरातच जातात.

आता सोलर पॅनेल. स्थानकाची लांबी सुमारे १०९ मीटर. डोक्यावर ४२० किलोमीटरवर असताना ते साधारण ५० विकलांचं (एका अंशाच्या ३६०० विकला) दिसतं, म्हणजे गुरू सर्वांत मोठा दिसतो तेवढं. तुमची सहा इंची दुर्बीण गुरूचे पट्टे दाखवते, तर पॅनेलही दाखवू शकते. अडचण आकाराची नाहीच. गुरू जागेवर असतो आणि हे पळतं. सहा इंची डॉब्सोनियनची फोकल लेंथ बहुधा १२०० मिलिमीटर असते, त्यात डीएसएलआरची चौकट एका अंशाहून जराशी मोठी. म्हणजे स्थानक एका सेकंदात चौकटीबाहेर.

मोटारीचं माउंट लागतं असं तुम्ही कुठे वाचलं असेल. हाताने जमतं. डॉब्सोनियन तर त्यासाठीच बरी, ढकलली की जाते. दोन अडचणी मात्र आधी सोडवा. एक, न्यूटोनियन (तुमच्या डॉब्सोनियनसारख्या आरशाच्या) दुर्बिणीला डीएसएलआर लावला की बऱ्याचदा फोकसच येत नाही, फोकसर आत जायला जागा कमी पडते. मध्ये दुपटीची बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) घातली की फोकस बाहेर सरकतो आणि काम होतं. पण मग चौकट निम्मी होते आणि प्रकाश चौथाई. दुसरी, कॅमेऱ्याच्या वजनाने नळीचं तोंड खाली झुकतं. मागच्या टोकाला वाळूची पिशवी बांधा. मी जुन्या पायजम्याच्या पायात वाळू शिवून वापरतो, हसू नका.

फाइंडर (नळीवर बसवलेली नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि मुख्य दुर्बीण दिवसाउजेडी दूरच्या मोबाइल टॉवरवर जुळवा, रात्री ताऱ्यावर पुन्हा तपासा. अर्ध्या अंशाची चूक इथे माफ नाही. फोकस तेजस्वी ताऱ्यावर किंवा चंद्राच्या कडेवर करून फोकसरचा स्क्रू आवळा. शटर १/१००० ते १/२०००. आयएसओ बार्लोशिवाय १६००च्या आसपास, बार्लोसकट ३२००. मग फेरी सुरू झाली की डोळा फक्त फाइंडरला, क्रॉसहेअरवर स्थानक, एका हाताने नळी ढकलायची आणि दुसऱ्या हातात दाबलेला केबल रिलीज. कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघायचंच नाही. बघितलंत की गेलं.

डोक्यावरून नेमकी जाणारी फेरी सगळ्यांत जवळची, म्हणून नवशिका तीच निवडतो, आणि तिथेच डॉब्सोनियन दगा देते. खस्वस्तिकापाशी, म्हणजे अगदी डोक्यावर, नळी सरळ उभी असते, त्या जागी स्थानकामागे जायचं तर तळपाट एका क्षणात अर्धा गोल फिरवावा लागतो. ते होत नाही. ५० ते ७० अंशांपर्यंत चढणारी फेरी घ्या. अंतर थोडं वाढतं, आकार चाळीसेक विकलांपर्यंत उतरतो, पण हात सलग फिरतो.

सराव विमानांवर करा. आपल्या डोक्यावर त्यांना तोटा नाही, आणि उतरणारं विमान फाइंडरमध्ये धरून ठेवणं जवळपास याच हाताच्या हालचालीचं आहे. माझ्या आठ इंचीवर पहिल्या सहा फेऱ्यांत कोरं आकाश आलं. सातव्या फेरीत चारशेपैकी तीन फोटोंत काहीतरी होतं, त्यातल्या एकात इंग्रजी 'एच'सारखा ठिपका. तो संगणकावर मोठा करून बघताना रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मी घरातल्यांना उठवलं. त्यांना ते स्टेपलरची पिन वाटली.

एक सोपी पायवाट आहे, ती बहुतेकांना उशिरा कळते. स्थानक चंद्रासमोरून जाताना टिपणं. दुर्बीण चंद्रावर आधीच लावलेली, फोकस झालेला, कुठे पळायचं नाही. फक्त क्षण पकडायचा. डोक्यावर असेल तर चंद्राची तबकडी ते अर्ध्या सेकंदात ओलांडतं, खालच्या उंचीवर जरा जास्त लागतं. वेळेच्या दहा सेकंद आधी व्हिडिओ सुरू करायचा, शटर १/१०००च्या आसपास. अडचण जागेची. हे दृश्य जमिनीवर चार-सहा किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातूनच दिसतं. तुमच्या-माझ्यात सरळ रेषेत दहाएक किलोमीटर आहेत, म्हणजे मला दिसेल ते तुम्हाला दिसणार नाही. ट्रान्झिट-फाइंडर या साइटवर पट्टा नकाशावर मिळतो. एकदा मध्यरेषा ऐरोलीवरून होती. दुर्बीण रिक्षात घालून मित्राच्या गच्चीवर नेली, आणि तिथे कोणीतरी वाळत घातलेल्या चादरींमागे चंद्र होता. चादरी काढायला जे वीस सेकंद लागले त्यात स्थानक गेलं.

सूर्यासमोरूनही जातं, पण ते स्वतंत्र फिल्टर असल्याशिवाय करू नका. दुर्बिणीच्या तोंडावर, पुढच्या बाजूला, सूर्यनिरीक्षणासाठी प्रमाणित केलेला फिल्टर, आणि फाइंडरला टोपी. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, आयपीसला लावायचे जुने काळे फिल्टर यांतलं काही नाही. डोळा जातो, आणि दुखतही नाही जाताना.

स्थानकाची रेघ जमली की पुढचं काय, तर चीनचं स्वतःचं स्थानक, तिआनगोंग. त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कल साधारण ४१.५ अंश, आपल्यावरून छान जातं, आंतरराष्ट्रीय स्थानकापेक्षा मंद पण डोळ्यांना सहज. त्याहून मला प्रिय हबल ही अंतराळ दुर्बीण. ती फ्लोरिडातून सोडली म्हणून तिची कक्षा विषुववृत्ताला साडेअठ्ठावीस अंशांतच कललेली आहे. लंडनच्या माणसाला ती कधीच वर दिसत नाही, आपल्या डोक्यावरून जाते. प्रत दोनच्या आसपास, म्हणजे शहरात डोळे ताणून. पण ३५च्या लेन्सने, चार सेकंदांच्या फोटोंनी, पावसानंतरच्या धुतलेल्या आकाशात तुमच्या गच्चीवरूनही तिची बारीक रेघ मिळेल.

आणि रेघच न काढणारे उपग्रहही आहेत. सोसायटीच्या डिश अँटेना ज्यांच्याकडे तोंड करून असतात ते भूस्थिर उपग्रह आपल्याला खगोलीय विषुववृत्ताच्या सव्वातीन अंश दक्षिणेला दिसतात. मृगाचं त्रिकांड आणि त्याच्या खालचा तेजोमेघ यांच्या मधल्या पट्ट्यात. कॅमेरा स्थिर ठेवून ८५ किंवा १००च्या लेन्सने तिथे लावला की तारे सरकत जातात आणि हे ठिपके जागेवर राहतात. इथे मात्र वर सांगितलेला सगळा हिशोब उलटा होतो, कारण हे हलत नाहीत, यांचा प्रकाश साठतो. फार मंद असतात. यासाठी वांगणीला जा.

तूर्तास चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या पुढच्या फेरीला १८-५५ची तीच लेन्स ३५ला लावा, आठ सेकंद, आणि कॅमेरा पारसिकच्या बाजूला.